‘आर्याला औषध दिलं’ म्हणजे नेमकं कुणाला?

खानापूर तालुक्यातल्या एका नव्या बापाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: जुळं झालंय, मुलगा आणि मुलगी. आज नववा दिवस, बारसं रविवारी धरलंय. भटजींनी दोघांनाही ‘अ’ हेच अक्षर काढून दिलं. बाळांच्या आज्जीनं आर्य आणि आर्या ही नावं पक्की केली, पत्रिका छापायलाही गेली. बायको म्हणते, एवढी सारखी नावं नकोत. दोन दिवस घरात सासू-सुनेचं बोलणं बंद आहे. जुळ्यांची नावं जुळतीच असावीत असं काही असतं का, मुलांच्या डॉक्टर म्हणून तुम्ही सांगा.

आधी छापखान्याला फोन करून पत्रिका थांबवा. बाकीचं मग सावकाश वाचा.

मी बेळगावात 31 वर्षं मुलांची डॉक्टर आहे. सुरुवातीची वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेली, नंतर स्वतःचा दवाखाना. जुळ्यांची एखादी जोडी आठवड्याला येतेच, आणि अलीकडं जास्त येतात; मूल होण्यासाठीचे उपचार वाढले तशी जुळीही वाढली. (जुळं केळं खाल्लं म्हणून झाली, असं अजूनही कुणीतरी सांगतं. मी मान डोलावते.) माझं मत असं की नावांची जोडी खुशाल जमवा, पण ती अर्थानं जमवा, आवाजानं नको. आर्य-आर्या ही आवाजाची जोडी आहे, आणि त्यातही सगळ्यात घोटाळ्याची.

एका रात्रीची गोष्ट सांगते. नऊ महिन्यांची जुळी, मुलगा-मुलगी. खरी नावं सांगत नाही, उदय आणि उदया म्हणू. घाट हाच होता. सकाळी लस घेऊन गेली होती, रात्री दोघांनाही ताप आला. मी पॅरासिटामॉलचे थेंब वजनाप्रमाणं वेगवेगळे लिहून दिले होते, कारण मुलगा साडेआठ किलोचा आणि मुलगी जेमतेम साडेसहाची. आज्जीनं आतल्या खोलीत मुलाला थेंब पाजले. सोप्यातून सुनेनं विचारलं, “उदयाला दिलं काय हो?” आज्जी म्हणाली, “दिलं की.” सून मुलीबद्दल विचारत होती, आज्जी मुलाबद्दल सांगत होती. सुनेला वाटलं मुलीचं झालं, मुलाचं राहिलं. थोड्या वेळानं नवरा कामावरून आला, त्याला ती म्हणाली, पोराला थेंब द्यायचे राहिलेत, तेवढे दे. त्यानं दिले. पहाटे तीनला माझ्या दाराची बेल वाजली तेव्हा मुलगी 103 तापानं फणफणत होती, तिला रात्रभरात एक थेंबही मिळाला नव्हता. मुलाला अर्ध्या तासात दोनदा मिळाले होते. मात्रा वजनाच्या मानानं माफक होती म्हणून त्याला काही झालं नाही. पण त्या बाटलीत पॅरासिटामॉलऐवजी फिटचं औषध असतं तर मी ही गोष्ट इतक्या निवांतपणे सांगितली नसती.

यात चुकलं कोण? आज्जी नाही, सून नाही, तो बिचारा बाप तर नाहीच. चुकली विभक्ती. रामचं रामाला होतं, गणेशचं गणेशाला होतं, तसंच उदयचं उदयाला होतं. आणि उदयाचंही उदयाला. शाळेत सामान्यरूप शिकवताना बाईंनी सांगितलं नव्हतं की ते एक दिवस औषधाच्या बाटलीला येऊन धडकणार आहे. पुण्यामुंबईकडची तरुण मंडळी ‘उदयला’ म्हणतात, तिथं थोडा फरक तरी राहतो. आमच्याकडच्या आज्ज्या अजून ‘उदयाला, सुरेशानं, महेशाचं’ असंच बोलतात, आणि जुळी सांभाळायला घरात आज्जीच असते. तुमची दोन नावं घेऊन बोलून बघा: आर्याला झोपवलं. आर्यानं दूध ओकलं. आर्याचं दुपटं ओलं झालंय. सांगा, कुणाचं?

बरं, आपण राहतो सीमेवर, म्हणजे गोंधळ मराठीपुरता थांबत नाही. आपण ‘विजय’ लिहितो आणि शेवटचा अ गिळून टाकतो. कन्नड माणूस लिहिलेलं सगळं उच्चारतो. त्याच्या तोंडी विजयमधला शेवटचा अ पुरता उमटतो आणि मराठी कानाला तो थेट ‘विजया’ असा लागतो. माझ्या दवाखान्यातली सिस्टर गोकाककडची आहे, घरी कन्नड बोलणारी. तिनं विजय म्हणून पुकारलं की बाकावरून विजयाची आई उठते. सिस्टर म्हणते मी मुलाला हाक मारली, आई म्हणते तुम्ही विजया म्हणालात. दोघींचंही बरोबर असतं. तनय-तनया, अनय-अनया, सुजय-सुजया, ही सगळी पिलावळ याच जातीची. पुण्यात ती कदाचित खपत असतील. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथं डॉक्टर मराठी, नर्स कन्नड, शाळेतल्या बाई कधी ही तर कधी ती. इथं ती दोन नावं राहतच नाहीत.

मग येते इंग्रजी. तिथं आर्य आणि आर्या दोन्ही ए-आर-वाय-ए. राम आणि रमा, कृष्ण आणि कृष्णा, शिव आणि शिवा, यांचंही तेच. कुणी हुशारीनं मुलीच्या नावाला शेवटी जादा ए लावतात, तो पुढच्याच कागदावर गळून पडतो. आपल्याकडं आणखी एक गंमत आहे, कर्नाटकात ‘त’साठी टी-एच लिहायची रीत आणि मराठी घरात नुसता टी. एका जोडीतल्या रोहितच्या दाखल्यावर टी-एच आहे आणि मोहितच्या दाखल्यावर टी. दोघांचा बाप एकच, अर्ज भरणारा कारकून वेगळा. नावं जुळावीत म्हणून एवढा खटाटोप केला आणि कागदावर तीच जुळली नाहीत.

कागदाचं सांगायलाच हवं, कारण तुमचे ते दिवस आत्ता चालू आहेत. जुळ्यांचा जन्म नोंदवताना प्रत्येक बाळाचा अर्ज वेगळा भरायचा आणि शेऱ्याच्या जागी जुळा जन्म असं लिहायचं; अर्जावरच तसं छापलेलं असतं. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. पण नाव त्याच वेळी द्यायची सक्ती नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद करून ठेवता येते, नाव पुढं 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे रविवारच्या बारशानं तुमच्यावर कायद्याची घाई येत नाही. घालायचं मात्र विचार करून, कारण रिकाम्या जागी नाव घालणं सोपं, घातलेलं बदलणं अवघड. त्यातून 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांचं सगळं या एका दाखल्यावर उभं आहे. शाळाप्रवेश असो, आधार असो, पासपोर्ट असो, लायसन्स असो, जन्मतारखेचा पुरावा तोच.

आता विचार करा. दोघांची जन्मतारीख एक, आईचं नाव एक, बापाचं एक, आडनाव एक, पत्ता एक, फोन नंबर एक. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत, डोळ्यांची बुबुळं घेत नाहीत, फक्त फोटो. म्हणजे पाच वर्षं सरकारदरबारी तुमच्या दोन मुलांत फरक उरतो तो त्यांच्या पहिल्या नावाचा. तुमचं मुलगा-मुलगी आहे म्हणून लिंगाचा रकाना तरी मदतीला येईल. दोन मुलगे असते तर तोही नाही. आद्याक्षरानं काम चालणाऱ्या जागा तर आपल्याकडं पुष्कळ आहेत, नावाचं अक्षर, बापाचं अक्षर, मग पाटील. दोघंही ए. वाय. पाटील.

दवाखान्यात याचं काय होतं ते मी तरुणपणी पाहिलंय, आणि ते माझ्याच पाळीत झालं. दोन बाळं शेजारी-शेजारी, नाव ठेवलेलं नाही, फाईलवर ‘बेबी ऑफ अमुक, ट्विन वन’ आणि ‘ट्विन टू’. दोघांच्या काविळीचं रक्त एकाच वेळी गेलं, रिपोर्ट आले, आणि चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. संध्याकाळी फेरीला आले तर गोरंपान बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली, आणि हळदीसारखं पिवळं बाळ बाजूच्या पाळण्यात आरामात झोपलेलं. काही तासच गेले होते, नुकसान झालं नाही. पण तेव्हापासून मी ‘वन’ आणि ‘टू’ला नाव मानत नाही. हा घोटाळा काही आपल्या गावचाच नाही. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओर रुग्णालयात बाळांची तात्पुरती नावं नुसतं ‘बेबी गर्ल’ न ठेवता आईच्या नावासकट ‘अमकीची मुलगी’ अशी ठेवून पाहिली, तर भलत्याच बाळाच्या नावावर औषध किंवा तपासणी लिहिली जाण्याच्या चुका 36 टक्क्यांनी कमी झाल्या. हे 2015 साली छापून आलं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अतिदक्षता विभागात एकेकट्या बाळांपेक्षा जुळ्या-तिळ्यांच्या बाबतीत या चुका जास्त होतात. आडनाव, तारीख, खोली सगळं सारखं असल्यावर होणारच. अमेरिकेत 2019 पासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना नवजात बाळांची ओळख वेगळी दिसेल अशी नावपद्धत ठेवावी लागते. म्हणजे तिकडं दवाखानेवाले वेगळेपणा आणायला धडपडतात आणि आपण बारसं करून तो पुसून टाकतो.

तरी आज्जींना तोडून बोलू नका. त्यांच्या बाजूनंही थोडं आहे.

त्यांचा पहिला मुद्दा अक्षराचा असणार. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एक चरण सहा तासांच्या आसपास. जुळी काही मिनिटांच्या अंतरानं येतात, सिझेरियन असेल तर एक-दोन मिनिटांच्याच. म्हणून अक्षर जवळजवळ नेहमी एकच निघतं. आपल्याकडच्या जुळ्यांच्या नावांत एवढं साम्य का असतं, याचं अर्धं उत्तर पंचांगातच आहे. ‘अ’ म्हणजे कृत्तिकेचा पहिला चरण. तुमचं दुसरं बाळ चरण उलटल्यावर आलं असतं तर भटजींनी त्याच्यासाठी ‘ई’ काढून दिली असती. पण आज्जींना हेही विचारा की हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’, त्या पोरांची नावं काय ठेवतात? तिथं भटजी स्वतःच वाट काढून देतात. मुळात नामकरणात नावं चार असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारातलं नाव. अक्षराचा संबंध नाक्षत्रनामाशी. ते जन्मपत्रिकेत ‘अ’वरून असू दे, कानात सांगायचं तर तेही सांगा, दाखल्यावर जे जाणार ते चौथं नाव, आणि ते मोकळं आहे. माझ्या ओळखीच्या दोन-तीन भटजींना मी हे विचारलंय, एकानंही हरकत घेतली नाही. एक जण तर म्हणाले, बाई, दोघांना एकच अक्षर देताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

दुसरा मुद्दा त्या बोलून दाखवणार नाहीत. शहापूरच्या एका आज्जींनी मला एकदा सांगितलं होतं, “नावं सारखी ठेवली की माया सारखी वाटली जाते.” ही भीती खोटी नाही. मुलगा-मुलगी असल्यावर तर नाहीच नाही. आमच्या त्या साडेआठ आणि साडेसहा किलोच्या जोडीत कोण जास्त वेळ मांडीवर असायचं ते मी पाहत होते. पण नावानं ती वाटणी होत नाही, हे सांगायला तुम्हाला माझी गरज नाही. वजनाच्या तक्त्यावर दर महिन्याला दिसतं.

आणि पुराणातली जोडी हवी म्हणून हट्ट असेल, तर पुराणातली जुळी नीट बघा. नकुल आणि सहदेव, एक अक्षर तरी जुळतंय का? जोडी म्हणून आपण राम-लक्ष्मण म्हणतो, पण लक्ष्मणाचा जुळा भाऊ शत्रुघ्न, आणि ही दोन नावं एका श्वासात घेतली तरी कुणी चुकत नाही. लव-कुश हीच काय ती आखूड, एका ठोक्याची जोडी. तीही कुशाच्या गवतावरून पडलेली: वाल्मीकी रामायणात आधी जन्मलेला तो कुश, मागून आलेला तो लव. आपल्या तोंडात लव आधी बसला आणि थोरला धाकटा होऊन गेला. सगळ्यात नावाजलेल्या जोडीचं हे झालं. कन्नडमध्ये जुळ्यांना अवळी-जवळी म्हणतात, आमच्या जुन्या बायका जावळी पोरं म्हणायच्या, आणि हुबळी-धारवाडला कन्नड माणसं अवळी नगर म्हणतात. हुबळी आणि धारवाड! त्या दोन नावांत जुळणारं काय आहे?

जुळणारी नावं हवीत तर आपल्या जिल्ह्यातच दोन नद्या आहेत, मलप्रभा आणि घटप्रभा. शेपूट एक, तोंड वेगळं. हाक मारताना पहिलं अक्षर आधी कानावर पडतं, त्यामुळं अशी जोडी आर्य-आर्यापेक्षा कितीतरी बरी. तरीसुद्धा भूगोलाच्या पेपरात मी हिडकल धरण मलप्रभेवर बांधलं होतं आणि नविलतीर्थ घटप्रभेवर, आणि वडिलांनी त्यावरून महिनाभर चिडवलं होतं. जुन्या पिढीतले कल्लाप्पा-मल्लाप्पा याच जातीचे, आत्ताचे रोहित-मोहित, नागेश-योगेशही. अशी नावं कुणी विचारली तर मी नको म्हणत नाही, जरा खाकरते.

तिळी झाली तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, देवानं तुम्हाला सोडलंय. पण ब्रह्मा-विष्णू-महेश ठेवायला निघालेल्या एका बापाला मी एवढंच म्हटलं होतं की ब्रह्मा नाव शाळेत कसं सोसणार ते त्या पोराला मोठेपणी विचार. गंगा-यमुना-सरस्वतीत तिसरी नदी गुप्त झालेली आहे, हे आज्ज्यांच्याच लक्षात येतं आणि त्या आपण होऊन बेत बदलतात.

आता एक गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं, कारण तुमची बाळं नऊ दिवसांची आहेत. पण तुम्ही डॉक्टर म्हणून विचारलंय. बरीच जुळी 37 आठवडे भरायच्या आत येतात आणि लहानखुरी असतात. बहुतेक सगळी धडधाकट होऊन घरी जातात. सगळी नाही. माझ्याकडं एक मुलगा येतो, आता नववीत आहे. तो आणि त्याचा भाऊ किलो-सव्वा किलोचे होते, घरच्यांनी वॉर्डातच घाईनं नावं ठेवली, लव आणि कुश. लव एकोणिसाव्या दिवशी गेला. कुश राहिला. दरवर्षी नवीन बाई हजेरी घेताना हसून विचारतात, मग लव कुठाय? पहिलीत तो रडला होता. नंतर त्यानं उत्तर शोधून काढलं. तो सांगतो, “गावाला.” आईनं सातवीत त्याला विचारलं, नाव बदलूया का, कागदपत्रांचं मी बघते. पोरानं नको म्हटलं. त्याचं म्हणणं, माझ्या नावात तो आहे. त्यामुळं मी या गोष्टीवरून कुणाला नियम सांगत नाही. फक्त बाळं काचेच्या पेटीत असताना जोडीची नावं लावायची घाई करू नका, एवढं मात्र बजावून सांगते. वजन वाढू दे, घरी येऊ दे, महिन्यानं बारसं केलं तरी कुणी पोलीस येत नाही.

सारख्या नावांची माया असलेली मोठी माणसंही मला भेटली आहेत. दोन बहिणी, पन्नाशीच्या, गंगा आणि यमुना. एक इथं वडगावात दिली, एक संकेश्वरला. नातवंडांना घेऊन येतात तेव्हा सांगतात की नाव ऐकलं की दुसरीची आठवण आपोआप निघते, लग्न झाल्यावर त्याचाच आधार वाटला. मला ते पटतं. पण गंगा आणि यमुना ही अर्थाची जोडी आहे, बघा. आवाज एकाचाही दुसऱ्याला लागत नाही. अंधारात कुणी हाक मारली तरी गंगाच उठणार.

हाकेचंच सांगते, कारण मुलांच्या बाजूनं खरी गरज तीच. साडेचार-पाच महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्या नावाचा आवाज ओळखायला लागतं. पुढं ऐकू येण्याबद्दल शंका आली की मी बाळाच्या मागं उभी राहून हळूच नाव घेते आणि मान वळते का बघते. जुळ्यांना एकत्र आणलं आणि नावं सारखी असली की दोघंही वळतात, किंवा दोघंही वळत नाहीत. न वळणाऱ्याला ऐकू येत नाही की ते नाव नेहमी दुसऱ्याचंच निघतं म्हणून त्यानं लक्ष देणं सोडलंय, हे मला त्या खोलीत सांगता येत नाही. एकेकाला वेगळं आणायला सांगावं लागतं. शाळेतही तेच. नाव सारखं, कपडे सारखे, वर्ग एक, मग बाई दोघांना मिळून एकच हाक मारतात आणि दोघांतलं जास्त बोलकं दोघांच्या वतीनं उत्तर देतं.

तुमच्यासाठी माझं सुचवणं असं. आर्या हे नाव आज्जींना आवडलंय ना, मग ते मुलीला ठेवा, आज्जींचा मान राहील आणि अक्षरही. मुलाचं नाव सुनेला निवडू द्या. दुसऱ्याच अक्षरानं सुरू होणारं, शेवट वेगळा, आणि शक्यतो हाकेचे ठोकेही कमी-जास्त. जोडीच हवी असेल तर अर्थ धरा. मिहिर म्हणजे सूर्य आणि ज्योत्स्ना म्हणजे चांदणं, अशी. (ज्योत्स्ना कन्नड शाळेत सगळ्यांना जमेल का, ते मात्र आधी बघा.) रागांची नावं मला स्वतःला फार आवडतात, कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा केदार आणि बागेश्री, मल्हार आणि भैरवी ही काही परकी नावं नव्हेत. मल्हार म्हटलं की आज्जींना खंडोबाही मिळाला. आमच्या आधीच्या पिढीत दोन मुलगे झाले की एकाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, असं उरकून टाकायचे. नावं आपोआप वेगळी व्हायची आणि व्याह्यांचं भांडणही मिटायचं. ती युक्ती का मागं पडली कळत नाही.

नावं ठरली की एकदा परड्यात उभं राहून घरात हाक मारून बघा, एक जण आतून ऐकू दे. मग तीच नावं ‘ला’, ‘नं’, ‘चं’ लावून बोला. शेजारच्या कन्नड वहिनींना मोठ्यानं म्हणायला सांगा. शेवटी एका कागदावर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत एकाखाली एक लिहा. सगळं करायला दहा मिनिटं लागतात. लसीकरणाची कार्डं दोघांची वेगळी मागून घ्या, फाईली दोन रंगांच्या करा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुलग्यांच्या आईला मी एकाच्या डाव्या पायात काळा दोरा बांधायला सांगते; तुमचं काम दुपट्यातच भागतं.

बारशाचं म्हणाल, तर पाळण्यात आधी वरवंटा, मग बाळ, हे तुमच्या घरच्या बायकांना माहीत आहे, मी सांगायला नको. आत्याबाईंना मात्र एक सांगून ठेवा. मागं एका बारशाला आत्यानं मोठ्यानं कुर्र केलं आणि मुलाच्या कानात मुलीचं नाव सांगून टाकलं, मग मुलीच्या कानात काय सांगायचं म्हणून गडबडून तेच पुन्हा. पाठीत धपाटे तेवढे हिशेबानं पडले. म्हणून आधी एका बाळाचं सगळं पुरं करा, त्याला उचलून आईकडं द्या, मगच दुसरं घ्या.

आणि त्या पत्रिकेवर नावं छापूच नका. ‘आमच्या जुळ्या बाळांचं बारसं’ एवढं लिहिलं की झालं. नाव त्या दिवशी आत्याच्या तोंडून कळायचं असतं, ते चार दिवस आधी सगळ्या तालुक्याला फोनवर कळलं तर बायका घुगऱ्या खायला येतील, पण कान देऊन उभं कोण राहील?